ग्रंथ उघडला, दाराचे काय?



पहाटे काकड्याला आपण देवाला जागे करतो. देव झोपलेला नसतो, हे आपल्यालाही ठाऊक असते. जागे व्हायचे असते ते आपणच. ‘प्रबोधन’ या शब्दाचा अर्थही तोच, नीट जागे होणे. कार्तिकी एकादशीला प्रबोधिनी म्हणतात ती याच अर्थाने. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र हा शब्द वेगळ्या संदर्भात भेटतो. इ.स. १४०० ते १६०० या सुमारास युरोपात विद्या, कला आणि धर्मविचार यांत जी उलथापालथ झाली, तिला मराठीत प्रबोधन म्हणतात. आणि त्याच काळात चर्चच्या सत्तेविरुद्ध जी चळवळ उठली, तिला धर्मसुधारणा.

शिकलेली मुले दिंडीत आली, की मुक्कामाच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. एक जण म्हणतो, युरोपात प्रबोधन झाले म्हणून ते पुढे गेले, आपल्याकडे झालेच नाही. दुसरा म्हणतो, त्यांच्या आधी दोनशे वर्षे माउलींनी ते करून ठेवले. पहिल्या बोलण्यात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात अभिमान आहे. दोघेही एक प्रश्न विचारायचे विसरतात. जे जागे झाले, त्यांच्या जागेपणाचा उपयोग शेजारी झोपलेल्या, उपाशी, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय झाला?

परमार्थाच्या मासिकात युरोपची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आपल्या वऱ्हाडातलेच उत्तर आहे. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. कुळ कुणब्याचे. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. या प्रज्ञाचक्षू पुरुषाने डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्श घेतला, आणि जे पटले नाही ते युक्तिवादाने खोडून काढले. परका विचार न ऐकताच त्यांनी नाकारला नाही, आणि ऐकून ते दिपूनही गेले नाहीत. परक्याच्या घरात डोकावायचे ते असे, आपल्या घरातली अडगळ दिसावी म्हणून.

ही तुलना मराठीला नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली निघाला. त्यात संतांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सोळाव्या शतकातील युरोपच्या धर्मसुधारणेशी संतांच्या कार्याची तुलना आहे. देशभाषेचा आग्रह, पुरोहितांच्या मक्तेदारीला नकार, कर्मकांडाहून भक्तीला मोठे स्थान, स्त्रीशूद्रांना मान, अशी साम्ये त्यांनी दाखवली. ती खरीच आहेत. पण साम्य जसे यशात आहे तसे अपुरेपणातही आहे. आज विचार करायचा आहे तो या दुसऱ्या साम्याचा.

अधिकार कोणाचा?

युरोपात धर्मग्रंथ लॅटिन भाषेत होता. नांगर धरणाऱ्याला, विणकराला, चांभाराला ती भाषा येत नव्हती. ग्रंथात काय आहे ते धर्मगुरू सांगेल, आणि तो सांगेल तेच खरे. मग विद्वान लोक जुन्या पोथ्या शोधू लागले, ताडून पाहू लागले. इटलीच्या लोरेन्झो व्हाल्लाने १४४० मध्ये एक सनद तपासली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान दिले, असे त्या सनदेत लिहिलेले होते. व्हाल्लाने नुसत्या भाषेवरून दाखवून दिले, की हे लॅटिन त्या सम्राटाच्या काळचे असूच शकत नाही. सनद बनावट आहे. पुढे १४५५ च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ गावी गुटेनबर्गच्या छापखान्यातून बायबल बाहेर पडले. १५१६ मध्ये इरॅस्मस या पंडिताने ग्रीक पोथ्या ताडून ‘नव्या करारा’ची मूळ संहिता बासेल येथे छापली. त्या ग्रंथाच्या आरंभी त्याने एक इच्छा व्यक्त केली, की शेतकऱ्याने नांगरताना यातले काही गावे, विणकराने मागावर बसून गुणगुणावे, वाटसरूने याच्या आधाराने वाट हलकी करावी.

ही इच्छा वाचून वारकऱ्याला काय वाटेल? इरॅस्मसच्या आधी दोनशे वर्षे आपल्याकडे सावतोबा मळ्यात गात होते, जनाबाई जात्यावर गात होत्या. त्या पंडिताने कागदावर मागितले, ते आपल्या मातीत चाललेलेच होते.

या मातीचे एक गाव तर आपल्या अमरावती जिल्ह्यातच आहे. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. महानुभाव पंथ आपला नव्हे, त्याची उपासना वेगळी. पण तेराव्या शतकात म्हाइंभटांनी मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ रचला तो रिद्धपुरात. त्या पंथाचे आचार्य नागदेव यांनी आपल्या विद्वान सहकाऱ्याला संस्कृतात लिहू नका म्हणून सांगितले. कारण संस्कृतात लिहिले तर साध्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील. गीतेचा अर्थ मराठीत आणताना माउलींच्या मनात हाच कळवळा होता. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ल्यूथरने जर्मन भाषेत आणलेला ‘नवा करार’ निघाला १५२२ मध्ये. मध्ये दोनशे बत्तीस वर्षे आहेत.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. उघडलेले पुन्हा मिटू शकते. लोकभाषेत लिहिलेले तेच महानुभाव ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत गेले आणि कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आले नाहीत. विसाव्या शतकात त्या लिप्या उलगडल्या, तेव्हा कुठे ‘लीळाचरित्र’ पुन्हा सर्वांच्या हाती आले. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे.

नाथांचे हात

युरोपात इरॅस्मसने केले ते काम आपल्याकडे पैठणच्या नाथमहाराजांनी केले. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तिच्यात अपपाठ शिरले होते, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी पोथ्या जमवल्या, ताडल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. यात कोणी आपली ओवी घालू नये, असा स्पष्ट इशाराही देऊन ठेवला. श्रद्धा आणि शोधन यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे काम पाहावे. ग्रंथ पवित्र आहे म्हणूनच तो तपासला पाहिजे, ही नाथांची वृत्ती होती.

आणि येथे एक नवलाचा योग आहे. त्याच्या पाचच वर्षे आधी, १५७९ मध्ये, टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला होता. तो मराठी शिकला, मराठीच्या प्रेमात पडला आणि त्याने ख्रिस्ताची कथा चक्क ओवीछंदात रचली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. गोव्यात छापखाना आला होता १५५६ मध्येच. म्हणजे नाथ पोथ्या ताडत होते तेव्हा युरोपचा छापखाना मराठी मुलखाच्या काठावर येऊन पोचला होता. पण त्याच गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षणाचे न्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, बसले होते. जे जहाज यंत्र घेऊन आले, तेच परधर्मीयांचा छळ करणारी सत्ताही घेऊन आले. यंत्राला दयामाया नसते. ते कोणाच्या हाती आहे यावर सारे ठरते.

पैठणला ते यंत्र पोचले नाही. ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत निघायला १८४५ साल उजाडावे लागले. ते काम बाळशास्त्री जांभेकरांनी केले. तोवर ग्रंथ कोणी राखला? नकला करणाऱ्यांनी, आणि त्याहून अधिक कंठात धरणाऱ्यांनी. इंग्लंडचा टिंडेल याने १५२६ मध्ये ‘नवा करार’ इंग्रजीत छापला. त्याच्या प्रती लंडनमध्ये जाळल्या गेल्या आणि दहा वर्षांनी त्यालाही मारून त्याचा देह जाळला गेला. आपल्याकडे तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. त्या श्रद्धेत असेही सत्य आहे, की जे हजारो कंठांत गेले आहे ते पाण्याने बुडत नाही आणि आगीने जळत नाही. अक्षरओळख नसलेला वऱ्हाडी कास्तकार आजही शेदीडशे अभंग तोंडपाठ म्हणतो. कानाच्या परंपरेचे हे बळ.

पण नाथांचे मोठेपण पाठशुद्धीवर थांबत नाही. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर ज्यांनी उचलून कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न ज्यांनी उंबऱ्याबाहेरच्या भुकेल्यांना वाढले, काशीहून आणलेली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातली, ते हेच नाथ. ओवी शुद्ध करणारे हात आणि पोर उचलणारे हात वेगळे नव्हते. पुढचा सगळा प्रश्न या दोन हातांचा आहे.

पाय थबकले ते ठिकाण

ल्यूथरने १५१७ मध्ये चर्चच्या पापमुक्तीच्या बाजाराविरुद्ध आवाज उठवला. देवाच्या पुढे धर्मगुरू आणि शेतकरी सारखेच, हे त्याने सांगितले. शेतकऱ्यांनी ते मनावर घेतले. १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगन गावी त्यांनी बारा कलमांचे मागणीपत्र तयार केले. त्यातल्या तिसऱ्या कलमाचा आशय असा, की ख्रिस्ताने आपल्या रक्ताने मेंढपाळापासून राजापर्यंत सर्वांना सोडवले आहे. मग आम्ही जमीनदारांच्या मालकीचे कसे? सोबत आपला धर्मगुरू आपण निवडण्याचा हक्क, जंगलातील लाकडाचा हक्क, वेठ कमी करणे अशा मागण्या होत्या. ग्रंथ उघडला होता, शेतकऱ्यांनी त्यातले वाचले आणि अर्थ काढला. तेव्हा खुद्द ल्यूथर मागे सरला. आधी त्याने दोन्ही बाजूंना समज दिली. मग बंड पसरल्यावर, राजांनी या शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडावे असे लिहिले. ते चिरडले गेलेच. मेलेल्यांची संख्या एक लाखाच्या घरात गेली असे मानतात. देवापुढची समता मान्य होती. शेताच्या बांधावरची समता मान्य नव्हती.

दुसरा प्रसंग स्पेनमधला. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोचल्यावर स्पॅनिश लोकांनी तेथल्या मूळच्या माणसांना वेठीला धरले. हे न्याय्य आहे का, यावर १५५०–५१ मध्ये वायादोलिद शहरात पंडितांची सभा बसली. एका बाजूला सेपुल्वेदा, ग्रीक-लॅटिनचा गाढा अभ्यासक, प्रबोधनाच्या विद्येत मुरलेला. त्याने ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगितले, की काही माणसे जन्मतःच गुलामीला योग्य असतात. दुसऱ्या बाजूला लास कासास नावाचा संन्यासी. त्याने त्या लोकांमध्ये वर्षानुवर्षे राहून त्यांचे हाल पाहिले होते. तो म्हणाला, ही आपल्यासारखीच माणसे आहेत. पांडित्य सेपुल्वेदाकडे कमी नव्हते. पण विद्येने त्याला जागे केले नाही, नुसते हुशार केले. जागा होता तो ज्याने डोळ्यांनी पाहिले आणि ज्याच्या हृदयाला पाझर फुटला तो.

हे ऐकून ‘पाहा, युरोपचे ढोंग’ असे म्हणण्याची घाई आपण करू नये. आपले पाय कोठे थबकले ते आधी पाहू.

चोखोबाराय आपल्या वऱ्हाडचे. बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानतात. मंगळवेढ्याला वेठीवर गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि इ.स. १३३८ मध्ये ते गेले. मृत्यूदेखील देवळात नाही, गावकुसाखाली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवरायांनी आपल्या परीने चोखोबांना देवाच्या जितके जवळ नेता येईल तितके नेले. पण समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. पुढची सहा शतके आपण चोखोबांचे अभंग गात त्या समाधीला वाकून नमस्कार केला आणि आत गेलो. चोखोबांच्या ज्ञातिबांधवांनी तेथूनच कळसाला हात जोडले आणि मागे फिरले. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षे. इतकी वर्षे त्यांचा अभंग आत जाऊ शकत होता, त्यांचा माणूस जाऊ शकत नव्हता.

इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’ या पुस्तकातील त्यांच्या लेखात त्यांनी नोंदवले आहे, की एकाच दिंडीत एकच अभंग गात चालणाऱ्यांच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसत. दिवसभर एकमेकांच्या पाया पडणारी माणसे जेवायला वेगळी बसत होती. हे लिहिताना त्यांनी वारीची टिंगल केली नाही. त्यांना वारीचे प्रेम होते, म्हणूनच ते खुपले.

कानाच्या परंपरेचे बळ वर सांगितले. तिची उणीव ही आहे. कान स्वीकारतो, प्रश्न विचारत नाही. रोज गायलेला शब्द इतका सवयीचा होतो, की त्याचा चटका जातो. चालीवर म्हटले की सारे गोड लागते, चोखोबांचा आक्रोशसुद्धा. छापलेले पान वाचणारा निदान थांबून विचारतो, हे खरे कसे? टाळ वाजत असताना थांबायला सवड नसते.

एक आक्षेप

येथे एखादा निष्ठावंत वारकरी विचारील, संत समाजसुधारणा करायला आले होते का? ते जीवाला देवाची भेट घडवायला आले. परमार्थाला व्यवहाराचे माप का लावता? हा आक्षेप हलका नाही. संतांना नुसते सुधारक ठरवणे म्हणजे त्यांच्या अनुभवाचा गाभा काढून टाकणे होय. नामाचे सुख हे कशाचे तरी साधन नाही. ते स्वतःच साध्य आहे.

पण आपण लावतो ते माप बाहेरचे नाही. सर्व भूतांत एकच आत्मा आहे हा आपलाच सिद्धांत. भूतमात्रात भगवंत पाहणे ही आपल्याच भक्तीची खूण. मग समोरच्या माणसाच्या सावलीने विटाळ होतो असे ज्याला वाटते, त्याला देव दिसला असे कसे म्हणावे? त्याच्या परमार्थात समाजसुधारणेची उणीव आहे असे नव्हे. त्याच्या परमार्थातच उणीव आहे. ज्ञान झाले की नाही याची परीक्षा ध्यानात होत नाही, पंगतीत होते. नाथांनी पोर उचलले ते समाजकार्य म्हणून नव्हे. त्यांना त्यात दुसरे कोणी दिसलेच नाही.

म्हणून ल्यूथरचे आणि आपले चुकले ते एकाच ठिकाणी. सत्य देवघरात मान्य करायचे आणि अंगणात थांबवायचे. युरोपात ते थांबवायला तलवार लागली. आपल्याकडे रूढी पुरेशी झाली.

वऱ्हाडाने काय जोडले?

या ठिकाणी आपल्या मुलखातील एका अक्षरशत्रू माणसाकडे वळावे लागते. देबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुळात जन्म; बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामांकडे, गुरे राखण्यात आणि शेतात. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले. हातात खराटा, अंगावर चिंध्या, भाकरी खायला फुटके गाडगे. लोकांनी त्याच गाडग्याचे नाव त्यांना दिले.

गाडगेबाबांनी ग्रंथ लिहिला नाही, पाठशुद्धी केली नाही. त्यांनी कीर्तनाचा ढंग बदलला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. आणि कीर्तनात ते नुसते सांगत नसत, विचारत. आपल्या वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न टाकायचे: देव कोठे राहतो, कर्ज काढून सण करावा काय, बकरे मागतो तो देव कसा, माणसाचा विटाळ माणसाला कसा होतो? श्रोत्यांना उत्तर द्यावेच लागे. हजारो लोकांच्या तोंडून एकदम ‘नाही’ निघे, आणि आपल्याच तोंडून निघालेला तो ‘नाही’ घेऊन माणूस घरी जाई. युरोपच्या प्रबोधनाने ज्या ग्रीक विद्येला नवा मान दिला तिच्यात सॉक्रेटिस होता, प्रश्न विचारून माणसाला जागे करणारा. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या या माणसाने ते नाव ऐकले असेल असे वाटत नाही. पण कानाच्या परंपरेची उणीव होती ती त्याने अचूक भरली. नुसते ऐकणाऱ्याला त्याने बोलते केले.

आणि प्रश्नाच्या पुढे हात होते. ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरीला ते वारीला जात; देवळात शिरण्यापेक्षा यात्रेने केलेली घाण काढीत वाळवंट झाडीत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, म्हणजे ज्यांना कोणी ओसरीवर घेत नव्हते त्या वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर आले. १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. चोखोबांच्या नावाची धर्मशाळा विद्येच्या कामी आली. आज अमरावती विद्यापीठाला जे नाव आहे ते या शाळेत न गेलेल्या माणसाचे आहे.

बाबा खराटा फिरवीत होते त्याच वर्षांत अमरावती शहरात दाराचाच प्रश्न उभा राहिला. अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. या लढ्याच्या पुढाऱ्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेला जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्माचा अभ्यास करून डॉक्टर झाला होता. वेद वाचलेल्या त्या माणसाला वेदांतून भेद सापडला नाही. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विद्या तीच, जी सेपुल्वेदाकडे होती. वळण नाथांचे.

पंढरीचे दार उघडायला मात्र १९४७ चा मे महिना यावा लागला. १ ते १० मे या काळात साने गुरुजींनी उपोषण केले. विरोध भरपूर होता. त्या वातावरणात तनपुरे महाराजांनी त्यांना आपल्या मठात जागा दिली, ही गोष्ट वारकऱ्यांनी विसरू नये. दार अडवणारे विठ्ठलाचेच नाव घेत होते, आणि उघडा म्हणून उपाशी बसलेल्यांना आसरा देणारेही विठ्ठलाचेच नाव घेत होते. नाम एकच, पण ते कोणाच्या ओठांवर राहिले आणि कोणाच्या हातांपर्यंत उतरले, हे त्या दहा दिवसांत दिसले.

आजचा उंबरा

आता देवळाला कुलूप नाही. विहिरीचा तंटा नळाने मिटवला. ज्ञानेश्वरी, गाथा, नाथभागवत मोबाइलवर मिळतात. अधिकाराचा प्रश्न कोणी काढत नाही. मग राहिले काय?

राहिले ते आपल्या गावात. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून वर्धेच्या काठची पालखी निघते. शेगावची पालखी निघते. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून माणसे महिनाभर चालतात. त्या महिन्यात कोणी कोणाची जात विचारत नाही, थोराने लहानाच्या पाया पडावे हा नियम. परत आल्यावर? गावात स्मशानभूमी एक आहे की दोन? सप्ताहाच्या पंगतीत वाढणारे हात कोणाकोणाचे असतात, आणि रांधणारे? कीर्तनाच्या गादीवर मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई यांचे अभंग घेतले जातात. गावची मुलगी त्या गादीवर उभी राहिली तर आपल्या कपाळावर आठी पडते का?

आणि एक प्रश्न फक्त आपल्या वऱ्हाडाचा. कपाशी गेली, कर्ज राहिले, आणि ज्या घरातल्या कर्त्या माणसाने जीव दिला, त्या घरातल्या बाईला आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावतो का? दिंडीत तुळस तिच्या डोक्यावर चालते. आपल्या अंगणात तिचे पाऊल चालते का? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे म्हणून आपण हळहळतो. प्रत्येक पिढीचे एक महाद्वार असते आणि त्याच्या बाहेर कोणीतरी उभे असते. ते नेहमी त्याच जातीचे असेल असे नाही. गाडगेबाबांसारखा प्रश्न विचारल्याशिवाय ते दिसत नाही, कारण आपण आत असतो आणि आतून दार दिसत नाही, फक्त देव दिसतो.

ग्रंथ उघडणे हे थोर काम होते. माउलींनी ते केले, नाथांनी जपले, तुकोबांनी त्यासाठी सोसले. युरोपानेही आपल्या परीने केले आणि त्यासाठी माणसे जळाली. ते काम संपले आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ग्रंथ उघडतो तो एकदा, आणि दार रोज उघडावे लागते. त्याला पांडित्य लागत नाही. खराटा धरणाऱ्यालाही ते जमले.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. कोणाची कोणती शिदोरी हे ओळखू येऊ नये, म्हणून तर ती कालवायची. तो प्रसाद आपण पंढरीत खातो आणि गावी परततो. गावात पुन्हा शिदोऱ्या वेगळ्या होऊ न देणे, एवढेच या वारीचे मागणे समजावे.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.